४:३ चं शूटिंग १६:९ करायचं (किंवा उलट) तर कोणत्या क्रमानं करायचं: चेहरे न फुगवता, डोकी न कापता

लग्नाची जुनी कॅसेट कन्व्हर्ट करून आणली, पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि नवरा-नवरीसकट सगळं वऱ्हाड पसरट दिसायलंय. नाहीतर उलटं, सप्ताहातलं काल्याचं कीर्तन चांगलं वाईडमध्ये शूट केलं, शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरवर दाखवायला कुणीतरी ते "फुल स्क्रीन" करून दिलं आणि महाराजांपासून मृदंगवाल्यापर्यंत सगळे उभट, बारीक झाले. लातूर, परभणी, बीड, नांदेड, कुठंही जा, ह्या दोनच तक्रारी आहेत. आणि त्यावर उपाय म्हणून लोकं काय करतात तर मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये ती क्लिप टाकतात, दोन बोटांनी ओढतात, स्क्रीन भरली की एक्स्पोर्ट. तिथंच सगळं बिघडतं, कारण ती एक्स्पोर्ट केलेली फाइलच मग घरात राहते आणि ओरिजिनल कॅसेटला तोवर बुरशी लागलेली असते.

म्हणून खालचा क्रम आहे तसाच धरा. एखादी पायरी तुमच्या क्लिपला लागू नसेल तर सोडा पण मागं-पुढं करू नका, कारण ह्या कामात अर्ध्याहून जास्त चुका क्रम चुकल्यामुळंच होतात.

एवढं हिशोबाचं आधी समजून घ्या

४:३ म्हणजे जुन्या डबा टीव्हीचा आकार, रुंदी भागिले उंची १.३३, आणि १६:९ म्हणजे आत्ताच्या वाईड टीव्हीचा, १.७८. एकाला दुसऱ्यात बसवायचं तर रस्ते तीनच: मोकळ्या जागेत काळ्या पट्ट्या ठेवायच्या, जास्तीचं छाटायचं, नाहीतर ताणायचं. ताणलं की माणूस ३३ टक्के रुंद होतो, म्हणून तिसरा रस्ता आपल्यासाठी बंदच समजा, "थोडंसंच ताणलंय, कळत नाही" हेबी चालणार नाही, घरच्या माणसाचा चेहरा घरच्यांना लगेच कळतो.

दुसरी गोष्ट पिक्सेलची. कॅसेटवरून किंवा डीव्हीडीवरून आलेली आपल्याकडची फाइल ७२० बाय ५७६ असते. ७२० ला ५७६ नं भागलं तर १.२५ येतं, म्हणजे हे ४:३ पण नाही आणि १६:९ पण नाही. कारण ह्यातले पिक्सेल चौकोनी नसतात, आडवे लांबट असतात. दाखवताना ४:३ वाल्या फाइलची रुंदी साधारण ७६८ होते आणि वाईडवाल्याची १०२४. फाइलमध्ये आत एक खूण असते, हिला ४:३ दाखव किंवा १६:९ दाखव, त्यावर प्लेअर चालतो. म्हणजे ७२० बाय ५७६ च्या दोन फाइली आकड्यांनी अगदी सारख्या असून एक ४:३ आणि एक वाईड असू शकते. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

टप्पा १: फाइलच्या आधी टीव्ही तपासा

बऱ्याच वेळा फाइल बरोबर असते आणि टीव्हीच ताणायला लागलेला असतो. रिमोटवर पिक्चर साइझ, आस्पेक्ट किंवा झूम अशा नावाचं काहीतरी असतं, ते ओरिजिनल, ऑटो किंवा जस्ट स्कॅनवर करा. सेटटॉप बॉक्समधून बघत असाल तर बॉक्समध्ये वेगळी सेटिंग असते, तीपण बघा. मग तीच फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये लावा.

तपासा: व्हीएलसीत चेहरे बरोबर आणि टीव्हीवर पसरट, तर फाइलला हात लावू नका. दोन्हीकडं पसरट, तरच पुढं चला.

व्हीएलसीमध्ये "ए" दाबलं की आस्पेक्ट बदलत जातो, ४:३ वर आणून बघा चेहरे सरळ होतात का. हे फक्त बघण्यापुरतं असतं, फाइल बदलत नाही, पण रोग कुठला आहे ते इथंच अर्धं कळतं.

टप्पा २: सगळ्यात जुनी, सगळ्यात कमी हात लागलेली फाइल मिळवा

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप घेऊन काम सुरू करू नका. तिथं व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केलेली असते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली जशीच्या तशी येते, पण त्यापेक्षा ज्यानं कॅसेट कन्व्हर्ट केली त्याच्याकडं पेनड्राइव्ह घेऊन जा आणि "कॅप्चर केलेली फाइल द्या, एडिट केलेली नको" असं स्पष्ट सांगा. डीव्ही कॅसेटची एव्हीआय फाइल तासाला साधारण १३ जीबी होते, म्हणून जागा मोकळी करूनच जा. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ-टीएस नावाचं आख्खं फोल्डर कॉपी करा, आतली एकेक व्हीओबी फाइल उचलू नका, एकच कार्यक्रम १ जीबीच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि तुकडे वेगळे घेतले की जोडावर आवाज मागं-पुढं होतो.

कॉपी झाली की त्या फोल्डरला "ओरिजिनल, हात लावू नये" असंच नाव द्या आणि दुसऱ्या डिस्कवर अजून एक कॉपी ठेवा.

थांबा: एकदा ताणून एक्स्पोर्ट केलेली, मग कुणीतरी पट्ट्या लावलेली, मग परत छाटलेली अशी फाइल आली असेल तर आधीची मिळते का हे बघण्यात एक दिवस गेला तरी चालेल. दर एक्स्पोर्टला चित्र खराब होतं आणि ते परत येत नाही.

टप्पा ३: फाइलचा खरा आकार ओळखा

इथं घाई करू नका, सगळ्या कामातली ही सर्वात महत्त्वाची पायरी आहे.

मीडियाइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, मोबाईलसाठीपण आहे. फाइल त्यात टाका आणि ह्या चार ओळी कागदावर लिहून घ्या: रुंदी-उंची, डिस्प्ले आस्पेक्ट रेशो, फ्रेम रेट, स्कॅन टाइप. मग डोळ्यांनी क्लिप बघा आणि कागदाशी ताळा करा. मीडियाइन्फो फक्त फाइलवर काय लिहिलंय ते सांगतं, आत चित्र खरंच तसं आहे का ते तुम्हालाच बघायचंय.

डोळ्यांनी बघायचं म्हणजे काय, तर क्लिपमध्ये कॅमेऱ्याकडं सरळ तोंड असलेली गोल वस्तू शोधा. वरातीत हलगीवाला असतोच, त्यानं हलगी कॅमेऱ्याकडं धरली ती फ्रेम थांबवा. नाहीतर भिंतीवरचं घड्याळ, जीपचं बाजूनं दिसणारं चाक. स्क्रीनवर मोजपट्टी लावून आडवं नि उभं मोजा. आडवं १३ सेंटिमीटर आणि उभं १० सेंटिमीटर भरलं तर चित्र ताणलेलं आहे. औक्षणाचं ताट घेऊ नका, ते आडवं धरलेलं असतं, कॅमेऱ्यातून चपटंच दिसणार, त्यावरून मोजलं की चुकीचाच निष्कर्ष निघतो.

आता कोणता प्रकार आहे ते ठरवा:

क) ७२० बाय ५७६, खूण ४:३, गोल गोलच दिसतंय. सगळं ठीक आहे, ही खरी ४:३ फाइल. तसंच खूण १६:९ आणि गोल गोलच, तर ती खरी वाईड फाइल, कॅसेटवरची असली तरी.

ख) ७२० बाय ५७६, पण खूण चुकीची. चित्र आत बरोबर आहे, फक्त खूण बदलायची. ही सगळ्यात स्वस्तातली दुरुस्ती.

ग) १९२० बाय १०८०, पट्ट्या नाहीत, आणि गोल वस्तू आडवी पसरलेली. म्हणजे ताण फाइलमध्येच पक्का झालाय, कन्व्हर्ट करणाऱ्यानं ४:३ ओढून १६:९ केलंय. खूण बदलून भागणार नाही, चित्र परत आत ओढावं लागेल.

घ) १९२० बाय १०८०, डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या, मधे गोल गोलच. ही खरं तर ४:३ च आहे, पट्ट्या चित्राचा भाग झाल्यात.

च) चारी बाजूंनी काळं आणि मधे छोटं चित्र. ह्याच्यावर दोनदा पट्ट्या बसल्यात, एकदा उभ्या, एकदा आडव्या.

छ) १४४० बाय १०८०. इथं भलेभले फसतात. हाच आकडा चौकोनी पिक्सेलचा असेल तर ४:३ असतो, आणि टेपवाल्या एचडीव्ही कॅमेऱ्याचा असेल तर पूर्ण १६:९ असतो, कारण त्या कॅमेऱ्याचा पिक्सेल १.३३ पट रुंद असतो. आकड्यावर जाऊ नका, डिस्प्ले आस्पेक्ट रेशोची ओळ आणि गोल वस्तू दोन्ही बघा. एचडीव्हीचं शूटिंग ४:३ समजून कुणी एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकलं की सगळे उभट होतात, आणि मग तो माणूस ते हातानं ताणत बसतो.

परदेशातल्या पाहुण्यांनी पाठवलेली फाइल ७२० बाय ४८० नि २९.९७ फ्रेमची असू शकते, तीपण ह्याच पद्धतीनं तपासायची, फक्त ४:३ असेल तर ती ६४० बाय ४८० म्हणून दाखवायची.

टप्पा ४: आधी डीइंटरलेस, मगच साइझ

स्कॅन टाइपमध्ये इंटरलेस्ड लिहिलं असेल तर चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं असतं, आणि ते दोन भाग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतरानं घेतलेले असतात. हे तसंच ठेवून उंची बदलली की दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. मग नाचणाऱ्या पोरांच्या हातांना दातेरी कडा येतात आणि त्या नंतर कशानंच निघत नाहीत.

हे दोन भाग नीट एक करणं म्हणजे डीइंटरलेस. हँडब्रेक नावाचं व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू करा, यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडा. बॉब हा प्रीसेट घेतला तर दोन्ही भागांची वेगळी फ्रेम होते आणि २५ च्या ५० फ्रेम होतात, नाचगाण्याला, वरातीला हेच चांगलं दिसतं. तेव्हा फ्रेम रेट ५० आणि कॉन्स्टंट ठेवा. नुसतं बसून केलेलं कीर्तन-प्रवचन असेल तर २५ पण चालतं.

तपासा: एक्स्पोर्ट झालेल्यातला अर्धा मिनिट हळू चालवून बघा. माणसं दोन पावलं पुढं एक पाऊल मागं अशी थरथरत असतील तर फील्डचा, म्हणजे त्या दोन भागांचा, क्रम उलटा लागलाय. डीव्ही कॅसेटचा क्रम बॉटम फील्ड फर्स्ट असतो, तो हातानं निवडा आणि परत करा.

२५ फ्रेमचं ३० करू नका. मोबाईलची बरीच अ‍ॅप न विचारता ३० करतात आणि मग कॅमेरा फिरला की चित्र अडखळतं.

टप्पा ५: कडेची घाण छाटा

जुन्या डबा टीव्हीवर चित्राच्या कडा टीव्हीच्या चौकटीमागं लपून जायच्या, म्हणून कुणाला कळत नव्हतं, पण व्हीएचएसच्या खालच्या काही ओळींत कायम एक वळवळणारी पांढरी-काळी पट्टी असते आणि डाव्या-उजव्या कडेला बारीक काळी रेघ. सपाट टीव्हीवर हे सगळं उघडं दिसतं.

डावी-उजवीकडून ८-८ पिक्सेल काढा, ७२० चे ७०४ राहतात. खालून जेवढी वळवळ आहे तेवढंच काढा. सगळे आकडे सम ठेवा, विषम आकडा दिला तर सॉफ्टवेअर एकतर नाही म्हणतं नाहीतर स्वतःच्या मनानं बदलतं.

थांबा: हँडब्रेक आपोआप क्रॉप करतं. रात्रीच्या हळदीच्या किंवा अंधाऱ्या मंडपातल्या शूटिंगमध्ये ते काळ्या भागालाच पट्टी समजून चित्र कापू शकतं. क्रॉपिंग ऑटोमॅटिकवरून काढून कस्टमवर ठेवा आणि आकडे स्वतः द्या. पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणचा प्रीव्ह्यू बघूनच पुढं जा.

प्रकार घ आणि च च्या फाइलींच्या पट्ट्यापण इथंच छाटून टाकायच्या. १९२० बाय १०८० मध्ये ४:३ चित्र बरोबर बसवलेलं असेल तर दोन्हीकडच्या पट्ट्या २४०-२४० असतात, मधे १४४० राहतं.

टप्पा ६: आकार सरळ करा, पिक्सेल चौकोनी करा

प्रकार ख साठी: प्रीमियर ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रेट फुटेज, तिथं पिक्सेल आस्पेक्ट रेशो डीव्ही पाल निवडा, वाईडला वाइडस्क्रीनवाला. डाविंची रिझॉल्व्हमध्ये हेच क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये आहे. एडियसमध्ये क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हिडिओ इन्फोच्या टॅबवर. फाइल एमकेव्ही असेल तर एमकेव्हीटूलनिक्सच्या हेडर एडिटरमधून परत एक्स्पोर्ट न करताच खूण बदलता येते. पण मोबाईलवर, टीव्हीवर, सगळीकडं सारखं दिसायला पाहिजे असेल तर शेवटी चौकोनी पिक्सेलमध्येच आणलेलं बरं, खुणेकडं दुर्लक्ष करणारे प्लेअर बरेच आहेत.

प्रीमियरमध्ये ४:३ चं चित्र ४:३ पेक्षा किंचित रुंद भरतं, साधारण ७८८. घाबरू नका, तो हिशोब कडेच्या काळ्या रेघांसकट आहे, त्या छाटल्या की ७६८ च्या आसपास येतं.

प्रकार ग साठी: रुंदी ७५ टक्के करायची, उंची १०० च ठेवायची. प्रीमियरमध्ये मोशनमधलं युनिफॉर्म स्केल बंद करा आणि स्केल विड्थ ७५ द्या. रिझॉल्व्हमध्ये इन्स्पेक्टरमधल्या झूमची साखळी सोडून आडवा आकडा ०.७५० करा. उलट प्रकार, म्हणजे वाईड चित्र दाबून ४:३ केलेलं, तर रुंदी १३३.३.

तपासा: तीच हलगी, तीच मोजपट्टी. आडवं-उभं सारखं भरेपर्यंत पुढं जाऊ नका.

टप्पा ७: आता ठरवा, पट्टी का कापणी

इथपर्यंत तुमच्याकडं स्वच्छ, सरळ ४:३ चित्र आहे. १६:९ मध्ये न्यायचे पर्याय बघू.

पहिला, बाजूला काळ्या पट्ट्या. चित्राचा एक टक्कापण जात नाही. घरच्या आठवणींच्या शूटिंगला माझं मत हेच आहे आणि ते मी कुणालाही सांगतो. "स्क्रीन भरत नाही" म्हणणाऱ्यांना एकदा दोन्ही दाखवा, आजोबांचा फेटा अर्धा कापलेला बघितला की ते स्वतःच पट्टी मागतात.

दुसरा, वरून-खालून छाटून पूर्ण भरणं. ह्यात उंचीचा २५ टक्के भाग जातो, म्हणजे ५७६ ओळींतल्या ४३२ राहतात, आणि त्या १०८० पर्यंत मोठ्या करायच्या म्हणजे अडीचपट. पट्टी ठेवून केलं तर दोनपटीच्या आतच काम होतं. म्हणजे छाटल्यावर चित्र जातं ते जातंच, वर जे राहतं तेपण जास्त धूसर दिसतं.

तिसरा मधला रस्ता, १४:९. थोडं छाटायचं, थोडी पट्टी ठेवायची. उंचीचा साधारण १४ टक्के भाग जातो आणि १९२० च्या फ्रेममध्ये चित्र १६८० भरतं, दोन्हीकडं १२०-१२० ची बारीक पट्टी. नव्या-जुन्या क्लिप मिसळून पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्याचा व्हिडिओ वगैरे करत असाल तर हा चांगला पडतो.

चौथा, मागं तेच चित्र मोठं करून धूसर करायचं आणि पुढं खरं चित्र. दोन मिनिटांच्या रीलला ठीक आहे. तीन तासांच्या लग्नाला हे लावू नका, मागची हलचल डोळ्यांना थकवते. लावायचंच असेल तर मागचं चित्र भरपूर धूसर आणि अंधारं करा.

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये इमेज स्केलिंगखाली मिसमॅच्ड रिझोल्यूशन फाइल्स असा पर्याय असतो. स्केल एन्टायर इमेज टू फिट म्हणजे पट्ट्या, स्केल फुल फ्रेम विथ क्रॉप म्हणजे छाटणी, आणि स्ट्रेच नावाचा जो आहे तो कधीच नाही. टाइमलाइनचा फ्रेम रेट मात्र क्लिप टाकायच्या आधीच ठरवा, नंतर तो बदलता येत नाही.

टप्पा ८: छाटायचंच ठरलं तर शॉट बघून छाटा

एकच क्रॉप आख्ख्या तीन तासांवर लावणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. वरून-खालून सारखं कापलं की डोकी जातात, कारण त्या काळचे शूटिंगवाले ४:३ ची फ्रेम पूर्ण वापरायचे, वर बाशिंग अगदी कडेला टेकलेलं, खाली पाट.

आधी सगळ्या क्लिपला शॉट जिथं बदलतो तिथं कट मारून घ्या. मग एकेका शॉटला वर-खाली सरकवा. प्रीमियरमध्ये १४४० बाय १०८० ची क्लिप १९२० बाय १०८० च्या सिक्वेन्समध्ये स्केल १३३.३ केली की पोझिशनचा दुसरा आकडा ५४० असतो. तो वाढवत ७२० पर्यंत नेला की चित्राची वरची कड पूर्ण दिसते, ३६० पर्यंत आणला की खालची. ह्याच्या बाहेर गेलात तर काळी पट्टी डोकावते.

सुरुवातीला सगळ्या शॉटला ६३० च्या आसपास ठेवा, म्हणजे जास्त कापणी खालून होते आणि डोकी वाचतात. मग अपवाद शोधा. सप्तपदीला पाय आणि सुपाऱ्या दिसल्या पाहिजेत, तिथं आकडा खाली आणा. मंगलाष्टकं संपून अंतरपाट काढतात त्या शॉटला दोघांचे चेहरे नि हातातले हार दोन्ही एका फ्रेममध्ये बसतात का बघा, बसत नसतील तर तेवढ्या शॉटला पट्टी ठेवा. एका व्हिडिओत काही शॉट पट्टीचे आणि काही भरलेले असले तरी चालतं, पण दर दोन सेकंदाला बदलू नका, आख्खा विधी एका पद्धतीत ठेवा.

शॉटच्या मधेच फ्रेम सरकवायची वेळ आली, म्हणजे माणूस बसलेला उठला वगैरे, तरच कीफ्रेम (कुठून कुठं सरकायचं त्या खुणा) लावा, सुरुवात-शेवट मऊ ठेवा, आणि सरकणं माणसाच्या हालचालीबरोबरच होऊ द्या, आधी नाही.

टायटलच्या फ्रेमा कधीच छाटू नका. जुन्या मिक्सिंगमध्ये "चि." आणि "चि. सौ. कां." च्या ओळी फ्रेमभर मोठ्या लिहिलेल्या असतात, वरून कापलं की वेलांट्या नि रफार जातात, खालून कापलं की उकार. नाव चुकीचं वाचलं जातं. तिथं पूर्ण ४:३ पट्टीसकट ठेवा नाहीतर टायटल नवीन करा. कोपऱ्यात तारीख असेल तर तीपण सांभाळा, ती अर्धी कापलेली असण्यापेक्षा पूर्ण असलेली किंवा पूर्ण गेलेली चांगली. माझ्या मते ठेवाच, पुढं वीस वर्षांनी तीच कामाला येते.

उलटा प्रवास: १६:९ चं ४:३ मध्ये

ह्याची गरज कमी झालीय पण संपली नाही. शाळेतले, ग्रामपंचायतीतले जुने प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चे, म्हणजे ४:३ चे असतात. त्यावर १६:९ दाखवलं की चित्र १०२४ बाय ५७६ मध्ये बसतं आणि वर-खाली ९६-९६ ची पट्टी राहते. बहुतेक वेळा एवढंच पुरेसं आहे, वेगळी फाइल करायचीसुद्धा गरज नाही.

छाटायचं झालं तर इथं रुंदीचा २५ टक्के भाग जातो. कीर्तनात महाराज मधे असतात पण दोन्ही बाजूंची टाळकऱ्यांची रांग जाते, आणि बाजूला उभे विणेकरी तर पूर्णच जातात. १४४० बाय १०८० च्या सिक्वेन्समध्ये पोझिशनचा पहिला आकडा ४८० ते ९६० मध्ये फिरवता येतो, त्यानं शॉटप्रमाणं डावं-उजवं ठरवा. अभंगाला सगळी मंडळी दिसू द्या, म्हणजे पट्टी ठेवा, आणि निरूपणात महाराजांचा जवळचा शॉट असेल तिथं छाटा.

एलईडी वॉलवाल्याला मात्र फाइल द्यायच्या आधी फोन करा. ८ बाय १२ फुटाची वॉल १६:९ नसते, १२ फूट रुंदीला १६:९ साठी उंची पावणेसात फूट लागते. ८ फुटी असेल तर ती ३:२ झाली आणि ऑपरेटर "फुल" करून तुमचं चित्र उभं ताणणार. त्याला वॉलचे एकूण पिक्सेल विचारा, आडवे किती उभे किती, आणि त्या आकड्याची फाइल पट्टीसकट तुम्हीच बनवून द्या.

रील आणि शॉर्टसाठी ९:१६ करायचं तर १०८० उंचीतून फक्त ६०८ रुंदी मिळते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. एका माणसाचा शॉट निवडा, समूहाचा घेऊ नका.

टप्पा ९: एक्स्पोर्ट

यूट्यूबसाठी पट्ट्या फाइलमध्ये घालू नका. ४:३ असेल तर १४४० बाय १०८० अशीच चढवा, प्लेअर स्क्रीनप्रमाणं जागा स्वतः सोडतो. तुम्ही पट्टी घालून दिली की मोबाईल उभा धरणाऱ्याला चित्र अजून छोटं दिसतं. टीव्हीसाठी, मिक्स व्हिडिओसाठी मात्र १९२० बाय १०८० मध्ये पट्टीसकट द्या, म्हणजे टीव्ही ताणू शकत नाही.

कोडेक एच २६४, आवाज एएसी. जुने टीव्ही एच २६५ वाजवत नाहीत. हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट क्वालिटी १८ ते २० ठेवा, आकडा लहान तेवढं चित्र चांगलं नि फाइल मोठी. कॅसेटचं शूटिंग ४के करू नका, फाइल फुगते, तपशील तेवढाच राहतो.

पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. ८ एमबीपीएसला एका तासाची फाइल साधारण ३.६ जीबी होते, म्हणून तासाचे भाग करा: हळद, लग्न, वरात असे. इकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्याच्यासाठीपण भाग केलेले चांगले, कारण एमपी४ ची फाइल मधेच थांबली तर ती बहुतेक उघडतच नाही आणि तीन तासांचं एक्स्पोर्ट पहिल्यापासून करावं लागतं.

टप्पा १०: देण्याआधी काय-काय बघायचं

मीडियाइन्फोत नवी फाइल टाका: डिस्प्ले आस्पेक्ट बरोबर, स्कॅन टाइप प्रोग्रेसिव्ह, फ्रेम रेट २५ किंवा ५०. मग हलगीची फ्रेम मोजा. मग सुरुवातीची, मधली आणि शेवटची पाच-पाच मिनिटं आवाजासकट बघा, शेवटाकडं ओठ नि आवाज जुळतोय का हे मुद्दाम बघा, कारण फ्रेम रेट चुकला असेल तर ते सुरुवातीला कळत नाही, तासाभरानंतर कळतं. मोबाईल, लॅपटॉप आणि ज्या टीव्हीवर घरचे बघणार आहेत तो, अशा तिन्ही ठिकाणी लावून बघा.

गिऱ्हाइकाला दोन फोल्डर द्या: एकात टीव्हीवर बघायची फाइल, दुसऱ्यात टप्पा ६ नंतरची न छाटलेली स्वच्छ ४:३ फाइल. फोल्डरच्या नावातच "न कापलेली" असं मराठीत लिहा, म्हणजे उद्या कुणाला दुसऱ्या आकारात पाहिजे असेल तर तो छाटलेल्या फाइलवर परत कात्री चालवणार नाही. आणि कॅसेट परत देताना सांगा की उभी ठेवा, कोरड्या कपाटात, पावसाळ्यात भिंतीला टेकून नको.